एकाच मास्टर चार्टवर पी व्हॅल्यू वेगवेगळी का येते आणि चूक नेमकी कुठे शोधायची

लक्षण असं दिसतं. ४० रुग्णांचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांची माहिती एकत्र असलेली शीट, आहे. रेसिडेंटने आपल्या लॅपटॉपवर एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये काय-स्क्वेअर (गटांतली प्रमाणं ताडणारी टेस्ट) लावला, पी (खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०२८ आला. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात तीच फाइल आर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवली, तिथे ०.०६८. गाइडनी ओपनएपी या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर चार आकडे टाकून पाहिले आणि ०.०३७ वाचला. थिसिस जमा करायला आठ दिवस उरलेत. सिग्निफिकंट (पी ०.०५ पेक्षा कमी) लिहायचं की नाही, कुणालाच सांगता येत नाही. लातूर असो, नांदेड असो, अंबाजोगाई असो की संभाजीनगर, एमडी-एमएसच्या तिसऱ्या वर्षात हा घोळ पुन्हा पुन्हा समोर येतो.

अशा वेळी आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतला जातो. तो जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. दोन्ही आउटपुट शेजारी ठेवून तीन गोष्टी या क्रमाने पाहा: दोन्हीकडे एन (मोजलेल्या रुग्णांची संख्या) सारखा आहे का, सरासरी आणि टक्केवारी सारखी आहे का, आणि टेस्टचं पूर्ण नाव सारखं आहे का. एन वेगळा असेल तर दोष शीटमध्ये किंवा गाळलेल्या रुग्णांत आहे. एन सारखा पण सरासरी वेगळी असेल तर एखाद्या रकान्यातले आकडे बदलले आहेत. दोन्ही सारखं असूनही पी वेगळा असेल तर बहुतेक वेळा टेस्टचा प्रकार वेगळा आहे. या शेवटच्या नियमाला एक घातक अपवाद आहे, तो पुढे येतो.

वरचं उदाहरण तिसऱ्या प्रकारचं आहे. तक्ता असा: एका गटातल्या २० रुग्णांपैकी २ जणांना गुंतागुंत झाली, दुसऱ्या गटातल्या २० पैकी ८ जणांना. साधा पिअरसन काय-स्क्वेअर ४.८ येतो, पी ०.०२८. येट्सने १९३४ साली सुचवलेली दुरुस्ती लावली की काय-स्क्वेअर ३.३३ वर उतरतो आणि पी ०.०६८ होतो. लहान गटांसाठीचा फिशर एक्झॅक्ट दोन्ही बाजूंनी (फरक कुठल्याही दिशेचा धरून) ०.०६५ देतो, एकाच बाजूने ०.०३२. ओपनएपी यांच्यासोबत मिड-पी नावाचाही आकडा दाखवतं, तो ०.०३७. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक एवढाच की आरमधली काय-स्क्वेअरची आज्ञा दोन बाय दोनच्या तक्त्याला न सांगता येट्सची दुरुस्ती लावते. एसपीएसएस मात्र एकाच चौकटीत पिअरसन, कंटिन्युइटी करेक्शन आणि फिशर या तिघांच्या ओळी देतं आणि वाचणारा सगळ्यात वरची ओळ उचलतो. आरमध्ये दुरुस्ती बंद करायचा पर्याय आहे. तो बंद केला की ०.०२८ च येतो.

मग कुठला लिहायचा? हा तक्ता मुद्दाम सीमेवरचा घेतला आहे. अपेक्षित संख्या, म्हणजे गटांत फरक नसता तर आल्या असत्या त्या, ५ आणि १५ येतात. 'पाचपेक्षा कमी असेल तर फिशर' हा नियम इथे लागूही होत नाही आणि निश्चिंतही राहू देत नाही. आमचं मत स्पष्ट आहे. गट लहान राहणार हे सिनॉप्सिस (थिसिसचा सुरुवातीचा आराखडा) लिहितानाच माहीत असतं, तेव्हाच 'फिशर एक्झॅक्ट, दोन्ही बाजूंनी' असं लिहून टाका आणि निकाल काहीही आला तरी त्यालाच धरून राहा. चार पी पाहून त्यातला आवडता निवडला की तो पी राहत नाही. येट्सची दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त सावध आहे. फिशर संगणकावर एका क्षणात निघतो, त्यामुळे आज तिची वेगळी गरज उरलेली नाही.

याच तक्त्याचा परिणाम आकड्यात मांडा. १० टक्के विरुद्ध ४० टक्के, म्हणजे ३० टक्के-अंकांचा फरक. साध्या सूत्राने ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पल्ल्यात असू शकतो तो) सुमारे ५ ते ५५ येतो. रिलेटिव्ह रिस्क (दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर) ०.२५, त्याचा इंटरव्हल ०.०६ ते १.०३. फरकाचा इंटरव्हल शून्य ओलांडत नाही, म्हणजे फरक आहे म्हणतो. रिस्कचा इंटरव्हल मात्र १ हा आकडा ओलांडतो, म्हणजे फरक नसूही शकतो. ४० रुग्णांचा डेटा या प्रश्नावर ठाम बोलू शकत नाही हे इथे जेवढं उघड दिसतं तेवढं ०.०२८ किंवा ०.०६८ यांतून कधीच दिसत नाही. म्हणून पी कुठलाही घ्या, इंटरव्हल सोबत द्या. एक्झामिनर त्यावर प्रश्न विचारतील, पण उत्तर तुमच्याकडे तयार असेल.

याच तक्त्यातली आणखी एक चूक सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे निकाल खोटा होतो. काही जण कॅल्क्युलेटरमध्ये रुग्णसंख्येऐवजी टक्के भरतात: १०, ९०, ४०, ६०. काय-स्क्वेअर थेट २४ होतो, बरोबर पाचपट, कारण ४० रुग्णांचे २०० झाले. पी ०.००१ च्याही खूप खाली जातो. कॅल्क्युलेटरला टक्के आणि माणसं यांतला फरक कळत नाही.

दोन सरासऱ्या ताडणाऱ्या टी-टेस्टमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. एसपीएसएसच्या इंडिपेंडंट टी-टेस्टच्या चौकटीत डावीकडे जो पहिला 'सिग' दिसतो तो लेव्हीन टेस्टचा आहे, दोन गटांचा पसारा सारखा आहे का हे सांगणारा. तोच सरासरीच्या फरकाचा पी म्हणून थिसिसमध्ये उतरवला जातो. टी-टेस्टचा पी त्याच्या उजवीकडे आहे. त्याच्या दोन ओळी असतात: वर व्हेरियन्स (पसारा) सारखा धरून, खाली वेगळा धरून, म्हणजे वेल्चची टेस्ट. आर काहीही न सांगता वेल्चच लावतं. एक्सेलमध्ये टी-टेस्टच्या सूत्राचा शेवटचा आकडा तुम्हालाच द्यावा लागतो: १ म्हणजे पेअर्ड (त्याच रुग्णांची आधी-नंतरची तुलना), २ म्हणजे सारखा व्हेरियन्स, ३ म्हणजे वेगळा. त्याआधीचा आकडा टेलचा, म्हणजे एक बाजू की दोन्ही याचा, असतो. तिथे २ ऐवजी १ पडला की पी बरोबर निम्मा होतो. दोन पींपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट दिसला की आधी टेलच तपासा. एसपीएसएसच्या नव्या आवृत्त्या एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा असे दोन्ही पी शेजारी छापतात, त्यामुळे तिथेही रकाना चुकतो. आणि 'सिग' खाली .००० दिसलं तर पी शून्य आहे असं लिहू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा.

मॅन-व्हिटनी या क्रमावर आधारलेल्या टेस्टमध्ये फरक साधारणपणे लहान असतो. एकसारखे आकडे जास्त असतील, वेदनेचा स्कोअर ० ते १० असेल, तर आर नेमका पी काढता येत नाही असा इशारा देऊन अंदाजे पद्धतीवर जातं आणि त्यात कंटिन्युइटीची दुरुस्तीही लावतं. एसपीएसएसचा असिम्प्टॉटिक (अंदाजे पद्धतीचा) पी त्या दुरुस्तीशिवायचा असतो. तिसऱ्या दशांशस्थळी फरक आला तर घाबरायचं कारण नाही. कुठली पद्धत वापरली ते लिहा आणि पुढे चला.

आता जिथे खरा वेळ जातो तिकडे येऊ: एन किंवा सरासरी जुळत नाही तेव्हा.

एसपीएसएसमध्ये एन अचानक घटला तर खिडकीच्या तळाशी उजवीकडे पाहा. तिथे 'फिल्टर ऑन' लिहिलेलं असेल तर काल फक्त स्त्री-रुग्ण निवडले होते आणि निवड काढायची राहून गेली आहे. 'वेट ऑन' दिसत असेल तर उलटं होतं, एन फुगतो. तयार तक्ता भरताना वेट केसेस लागतं, पण ते चालू ठेवून दुसरं विश्लेषण केलं की प्रत्येक रुग्ण अनेकदा मोजला जातो. दोन्ही गोष्टी बंद करून टेस्ट पुन्हा चालवा.

एन तसाच घटलेला राहिला तर एक्सेलमध्ये त्या रकान्याखाली दोन सूत्रं टाका. काउंट फक्त अंक मोजतं, काउंटए भरलेली प्रत्येक जागा मोजतं. हिमोग्लोबिनच्या रकान्यात काउंट ५४ आणि काउंटए ६० आलं, तर सहा जागी अंकाच्या वेशात अक्षरं आहेत. '८.४ ग्रॅम' असं एककासकट लिहिलेलं असेल, '<५' असेल, दशांशचिन्हाऐवजी स्वल्पविराम असेल, पुढेमागे एखादी मोकळी जागा असेल. मराठी कीबोर्ड चालू राहून आकडा देवनागरीत टाइप झाला असेल तर आर त्याला अंक मानत नाही. एसपीएसएस तर असा एक चौकोन सापडला तरी पूर्ण रकाना स्ट्रिंग धरू शकतं, मग तो रकाना टी-टेस्टच्या यादीतच दिसत नाही. मोकळ्या जागा ट्रिम सूत्राने जातात. वेबपानावरून किंवा हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधून उचललेल्या मजकुरात कधी कधी न तुटणारी मोकळी जागा येते, ती ट्रिमने जात नाही. तिथे सब्स्टिट्यूट सूत्रात कॅरेक्टर क्रमांक १६० देऊन ती काढावी लागते.

अशाच मोकळ्या जागेमुळे 'पुरुष' दोन ओळींत दिसतात आणि दोन बाय दोनचा तक्ता तीन बाय दोनचा होतो. पत्त्याच्या रकान्यात मराठवाड्याची खास अडचण आहे. २०२३ मध्ये नावं बदलली. त्यामुळे जुन्या केसपेपरवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्यावर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. कुणी नुसतं संभाजीनगर लिहितं, कुणी बीडचं बिड करतं. जिल्हे आठ आहेत, फ्रिक्वेन्सी तक्त्यात आठपेक्षा जास्त ओळी दिसल्या की काय-स्क्वेअरचे डिग्रीज ऑफ फ्रीडम वाढलेले असतात आणि पीही बदललेला असतो. जिल्हा हाताने लिहू नका, १ ते ८ कोड द्या आणि डेटा व्हॅलिडेशनने तेवढेच आकडे स्वीकारायला लावा.

रिकाम्या जागेचे तीन सापळे आहेत आणि तिन्ही सरासरी हलवतात. पहिला, रिपोर्ट नाही म्हणून ० भरणं. दुसरा, ९९ किंवा ९९९ भरणं आणि एसपीएसएसच्या व्हेरिएबल व्ह्यूमध्ये मिसिंगच्या रकान्यात ते न सांगणं. ४९ रुग्णांचं सरासरी हिमोग्लोबिन ८.४ असेल आणि पन्नासाव्याच्या जागी ९९ पडलं असेल तर गटाची सरासरी १०.२ होते. एका चौकोनाने अख्ख्या गटाची सरासरी १.८ ने वर नेली. तिसरा सापळा सर्वांत लपलेला आहे. 'नंतरचं वजा आधीचं' असा फरकाचा रकाना एक्सेल सूत्राने काढला आणि नंतरची जागा रिकामी असली, तर एक्सेल तिला शून्य धरतं. आधीचं हिमोग्लोबिन ८.४ होतं, तर फरक उणे ८.४. किमान आणि कमाल किंमत पाहिल्याशिवाय हे सापडत नाही, म्हणून प्रत्येक रकान्याची किमान-कमाल आधी काढा.

तारखांचं असं आहे. विंडोजची रीजनल सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०८/२०२३ हे ५ ऑगस्टऐवजी ८ मे होतं. १३/०८/२०२३ मात्र तेरावा महिना नसल्यामुळे नुसता मजकूर राहतो. म्हणजे १ ते १२ तारखांचे रुग्ण चुकीच्या महिन्यात जातात आणि १३ ते ३१ चे गळतात. रुग्णालयातला मुक्काम उणे आला किंवा ९० दिवसांच्या वर गेला की हेच झालं आहे असं समजा. तारखा रकान्यात उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो, त्यावरूनही ओळखता येतं. सेटिंग इंडिया करा, पण आधीच उलटलेल्या तारखा त्याने सरळ होत नाहीत. त्या केसपेपरवरून पुन्हा भराव्या लागतात. नव्या शीटमध्ये दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने ठेवा, हा गोंधळच होत नाही.

आता तो अपवाद. एन सारखा, दोन्ही रकान्यांची सरासरी सारखी, एसडी (आकड्यांचा पसारा) सारखी, टेस्टही तीच, तरी पी वेगळा. हे एकच रकाना सॉर्ट केल्यामुळे होतं. एक्सेल विचारतं की शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का, आणि घाईत 'फक्त हाच' निवडलं जातं. समजा सहा रुग्णांचं उपचाराआधीचं हिमोग्लोबिन ७.२, ८.१, ६.५, ९.०, ७.८, ८.४ आहे आणि नंतरचं ८.०, ८.७, ७.६, ९.५, ८.९, ८.९. पेअर्ड टी ६.७ येतो, पी ०.००१. आता फक्त नंतरचा रकाना चढत्या क्रमाने लावा: ७.६, ८.०, ८.७, ८.९, ८.९, ९.५. सरासरी फरक तोच, ०.७७. पण प्रत्येक रुग्णासमोर दुसऱ्याच रुग्णाचा रिपोर्ट आला. टी २.१ वर उतरतो, पी ०.०९. हेच आकडे चुकून इंडिपेंडंट टी-टेस्टमध्ये घातले तर पी ०.१२ च्या आसपास जातो. दुरुस्तीचा रस्ता एकच आहे: मूळ प्रत उघडा. म्हणून पहिल्या रकान्यात अनुक्रमांक आणि दुसऱ्यात आयपीडी (भरतीचा) नंबर हवाच, आणि मूळ फाइल तारखेसह बाजूला कुलूपबंद हवी. मूळ प्रत नसेल तर सगळे प्रोफॉर्मा पुन्हा भरण्यावाचून इलाज नाही. पी जुळला तरी एमआरडीतून (रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून) कुठलेही दहा केसपेपर काढून रकाना-रकाना ताडून पाहा. दहांत एक जरी आडवा गेला तर सगळे तपासा.

एन जास्त असण्याचं आणखी एक कारण म्हणजे तोच रुग्ण दोनदा. तो पुन्हा दाखल झाला आणि नवा नंबर पडला. डोळ्यांच्या अभ्यासात एका रुग्णाचे दोन डोळे दोन रुग्ण म्हणून मोजले जातात, दातांच्या अभ्यासात तर एका माणसाचे आठ दात. ही निरीक्षणं एकमेकांशी बांधलेली असतात, त्यांना सुटी धरली की पी सहसा खोटा लहान होतो. एका रुग्णामागे एकच डोळा घ्यायचं आधी ठरवा, नाहीतर मिक्स्ड मॉडेल किंवा जीईई या, निरीक्षणांतला असा संबंध हिशोबात धरणाऱ्या, पद्धती लावा.

फॉलो-अपमध्ये एन घटतो तेव्हा मात्र थांबून विचार करावा लागतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. तिसऱ्या महिन्याची तपासणी डिसेंबरात येणारी बाई आली नाही, तर ती बरी झाली म्हणून आली नाही असं धरता येत नाही. तिचं काम जास्त कष्टाचं आहे, खाणं कमी आहे, आणि तीच गाळली गेली तर उरलेल्यांची सुधारणा खऱ्यापेक्षा चांगली दिसते. रिपीटेड मेझर्स ॲनोव्हा ही अनेक भेटी ताडणारी टेस्ट एक भेट चुकली तरी तो पूर्ण रुग्ण बाद करते. आधीचीच किंमत पुढे ओढून भरणं त्याहून वाईट. मिक्स्ड मॉडेल जेवढ्या भेटी झाल्या तेवढ्या वापरतं. पण न येण्याचं कारण रकान्यात नोंदवलेलं असेल तरच त्याचा पुरता उपयोग होतो. म्हणून प्रोफॉर्म्यातच 'ऊसतोडीला जाणार का, कधी' हा प्रश्न ठेवा, आणि शक्य असेल तर भेटीचं वेळापत्रक हंगामाभोवती आखा. आलेल्यांची आणि न आलेल्यांची सुरुवातीची माहिती शेजारी मांडणारा तक्ता थिसिसमध्ये असलाच पाहिजे.

लॉजिस्टिक रिग्रेशनमध्येही (होय-नाही निकालावर अनेक घटकांचा एकत्र परिणाम पाहणारी पद्धत) रुग्ण नकळत गळतात. सहा घटक घेतले आणि प्रत्येकात पाच टक्के जागा रिकाम्या असल्या, आणि त्या रिकाम्या जागा एकमेकांशी संबंध नसलेल्या असल्या, तर १२० पैकी ८८ च्या आसपासच रुग्ण उरतात. एसपीएसएस हे केस प्रोसेसिंग समरीमध्ये लिहितं, पण तो तक्ता कुणी वाचत नाही. ऑड्स रेशो (दोन गटांतल्या होण्या-न होण्याच्या प्रमाणांचं गुणोत्तर) उलटा येणं ही वेगळी तक्रार. सुरुवातीच्या गुंतागुंतीच्या तक्त्यात तो ०.१७ किंवा ६ येऊ शकतो, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. एसपीएसएस कॅटेगोरिकल घटकात शेवटचा गट संदर्भ धरतं, आर पहिला. त्यातच 'होय १, नाही २' असं कोडिंग असलं की एसपीएसएस मोठ्या आकड्याचं, म्हणजे 'नाही'चं, मॉडेल बनवतं. होय १, नाही ० असंच ठेवा.

एकाच मशीनवर दर वेळी पी थोडा वेगळा येत असेल तर ते बूटस्ट्रॅप किंवा मल्टिपल इम्प्युटेशन आहे, दोन्हींत संगणक यादृच्छिक आकडे वापरतो. सीड (त्या यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून द्या आणि तो आकडा लिहून ठेवा. पोस्ट-हॉकच्या (गटांच्या जोडीजोडीने तुलनेच्या) तक्त्यात बॉनफेरोनी ही अनेक तुलनांसाठीची दुरुस्ती निवडलेली असेल तर एसपीएसएसने छापलेला पी आधीच गुणलेला असतो, तो ०.०१७ शी (तीन तुलनांसाठी ०.०५ चा तिसरा हिस्सा) पुन्हा ताडू नका.

तरीही पी जुळत नसेल तर पीएसएम विभागात जाताना नुसता पी घेऊन जाऊ नका. सोबत रुग्णांची नावं काढलेली मूळ फाइल, कोणता कोड म्हणजे काय याचं एक पान, दोन्ही आउटपुट पूर्ण, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सिनॉप्सिसमधलं सांख्यिकीचं पान एवढं न्या. बहुतेक वेळा एन शेजारी ठेवताच उत्तर सापडतं. मग थिसिसच्या पद्धती विभागात असं एक वाक्य येऊ द्या: 'गुंतागुंतीचं प्रमाण फिशर एक्झॅक्ट टेस्टने, दोन्ही बाजूंनी, तुलना केलं, फरक ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसह दिला आहे, विश्लेषणात ४० पैकी ४० रुग्ण आहेत.'